हीट पंप घ्यावा की एसी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उन्हाळ्याच्या तोंडावर या सदराकडे एसीविषयीची पत्रे दरवर्षीच येतात. यंदा मात्र हीट पंपाविषयी विचारणारी पत्रेही बरीच आली असून ती नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंतची आहेत. त्यांपैकी चार पत्रे नावे वगळून आणि थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. हवामान, विजेचा दर आणि घराची बांधणी यांवर उत्तर अवलंबून असल्याने एका गावासाठी दिलेला सल्ला दुसऱ्या गावात जसाच्या तसा लागू करू नये, एवढी विनंती.

प्रश्न (नाशिक) : गंगापूर रोड परिसरात आम्ही दुमजली बंगला बांधत आहोत. वरच्या मजल्यावरील सुमारे १५० चौरस फुटांच्या खोलीत एसी बसवायचा आहे. ती खोली आई-वडिलांची असून वडिलांना संधिवाताचा त्रास आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्रभर हीटर लावावा लागतो. दुकानदाराने ‘हॉट अँड कोल्ड’ एसी सुचवला आहे. माझ्या भावाचे म्हणणे असे, की हीट पंप हे निराळेच यंत्र असते आणि ते थंड देशांतच उपयोगी पडते. आम्ही नेमके काय घ्यावे?

उत्तर : दुकानदाराने सुचवलेले यंत्र हाच हीट पंप आहे. कॉम्प्रेसर, बाहेरची कॉइल, आतली कॉइल आणि त्यांच्यामधून फिरणारा शीतक वायू, ज्याला मेकॅनिक नुसते ‘गॅस’ म्हणतात, हे सारे भाग साध्या एसीत असतात तसेच यातही असतात. फरक आहे तो गॅसच्या प्रवाहाची दिशा उलटवणाऱ्या एका व्हॉल्व्हचा. उन्हाळ्यात आतली कॉइल थंड होऊन खोलीतील उष्णता बाहेर टाकली जाते, तर हिवाळ्यात व्हॉल्व्ह फिरला की बाहेरची कॉइल थंड आणि आतली गरम होते, आणि बाहेरच्या हवेतील उष्णता खोलीत आणली जाते. मात्र पावती फाडण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. ‘हॉट अँड कोल्ड’ या नावाखाली क्वचित असेही यंत्र विकले जाते, ज्यात गरम हवेसाठी हीटरसारखी तापणारी कॉइल बसवलेली असते. तसे असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. माहितीपत्रकात उष्णता देण्याची क्षमता आणि त्यासाठी लागणारी वीज हे दोन्ही आकडे वॅटमध्ये दिलेले असतात. पहिला आकडा दुसऱ्याच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक असेल, तर तो हीट पंप आहे असे समजावे.

दहा अंशांच्या थंड हवेतून उष्णता कशी काय काढता येते, हा प्रश्न तुमच्या भावाच्या मनात असावा, आणि तो रास्त आहे. विहिरीवरचा पंप पाणी निर्माण करत नाही, खालचे पाणी वर उचलतो. तसेच हे यंत्र उष्णता निर्माण न करता कमी तापमानाच्या जागेतून उचलून अधिक तापमानाच्या जागी नेऊन सोडते. त्यामुळे एक युनिट वीज खर्चून तीन ते चार युनिट उष्णता खोलीत येऊ शकते. हीटर मात्र कोणत्याही कंपनीचा असो, पंख्याचा असो वा तेलाचा, एका युनिट विजेतून एका युनिटपेक्षा अधिक उष्णता देऊ शकत नाही. पाणी जितके खोल तितकी उपशाला वीज अधिक, हा न्यायही येथे लागू पडतो. बाहेरचे आणि आतले तापमान यांत जितके अंतर अधिक, तितकी हीट पंपाची कार्यक्षमता कमी होते. उष्णता देण्याची क्षमता प्रयोगशाळेत मोजताना बाहेर ७ अंश आणि आत २० अंश सेल्सिअस तापमान धरण्याची पद्धत आहे. नाशिकची कडाक्याच्या थंडीतली रात्र यातील बाहेरच्या ७ अंशांच्या आसपासच असते. शेजारच्या निफाडमध्ये पारा पाच अंशांखाली उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे तुम्ही जाणताच; पण तेवढ्या थंडीतही चांगल्या प्रतीचे यंत्र सहज चालते. हीट पंपाची खरी परीक्षा गोठणबिंदूच्या बरीच खाली होते, आणि तो प्रसंग नाशिकवर येत नाही.

आता पैशांचा हिशोब. खोली एकदा उबदार झाली, की तिला रात्रभर सरासरी एक किलोवॅट उष्णता लागते असे धरू. आठ तासांत हीटर आठ युनिट वीज घेईल आणि हीट पंप सुमारे अडीच युनिट. साठ रात्रींचे गणित मांडले तर एका बाजूला ४८० युनिट आणि दुसऱ्या बाजूला १५० युनिट, म्हणजे एका हिवाळ्यात ३३० युनिटांची बचत होते. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत जातात, म्हणून बचतीचा हिशोब सरासरी दराने न करता तुमच्या बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने करावा, कारण वाचतात ती त्याच टप्प्यातील युनिटे. उदाहरणादाखल दर १२ रुपये धरला, तर ही बचत सुमारे चार हजार रुपयांची होते. साधा एसी आणि त्याच कंपनीचा तितक्याच ताऱ्यांचा हॉट अँड कोल्ड एसी यांच्या किमतींत दहा हजारांचा फरक असला, तरी तो अडीच हिवाळ्यांत भरून निघतो. तुमच्या घरी हीटर खरोखरच रात्र रात्र चालतो, म्हणून मी तुम्हाला नि:संकोचपणे हॉट अँड कोल्ड यंत्र घ्या असे सांगतो. ज्या घरात वर्षातून आठ-दहा रात्रीच हीटर लागतो, त्यांनी मात्र साधा एसी घ्यावा आणि हीटर जपून वापरावा. त्यांची बचत वर्षाला सहाशे-सातशे रुपयांच्या पुढे जाणार नाही.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवरचे तारे आणि ‘आयएसईईआर’ हा हंगामी कार्यक्षमतेचा आकडा केवळ थंड करण्याविषयी बोलतात, हे ध्यानात ठेवावे. लेबलवर छापलेला वार्षिक वीजवापर १६०० तासांच्या वापरावर बेतलेला असतो आणि त्यात हिवाळ्यातील वापर धरलेला नसतो. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या जुन्या साठ्यातील पाच तारे आणि नव्या निकषांतील पाच तारे एक नव्हेत. लेबलवरील कालावधी वाचावा आणि ताऱ्यांपेक्षा आकड्यांची तुलना करावी.

क्षमतेविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तुम्ही अजून बांधकामाच्या टप्प्यावर आहात आणि या घडीला केलेली सुधारणा सर्वांत स्वस्त पडते. दुकानदार खोलीचे चौरस फूट विचारतो, पण खोलीच्या डोक्यावर काय आहे ते क्वचितच विचारतो. वरच्या मजल्यावरील स्लॅब एप्रिलमध्ये दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, करताना त्याखाली उष्णतारोधक थर टाकला, वर पांढऱ्या चिनी मोझॅकच्या तुकड्यांचा थर दिला आणि पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा काढला, तर १५० चौरस फुटांसाठी दीड टनाऐवजी एक टनाचे यंत्रही पुरे पडण्याची शक्यता आहे. शिवाय हाच थर हिवाळ्यात उलट्या दिशेने उपयोगी पडतो आणि वडिलांच्या खोलीतील ऊब पहाटेपर्यंत टिकवून धरतो. यंत्रावर पाच हजार अधिक घालावेत की छतावर, असा प्रश्न असेल तर आधी छतावर घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवताना घ्यायची काळजीही यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. हिवाळ्यात बाहेरच्या कॉइलवर दव साचून पाणी ठिबकते, म्हणून बाहेरच्या युनिटखालीसुद्धा पाणी वाहून नेणारी नळी हवी. केवळ थंड करणाऱ्या एसीची सवय असलेले कारागीर ती विसरतात आणि मग भिंतीवर शेवाळ धरते. तांब्याच्या नळ्या जोडून झाल्यावर त्यांतील हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंप लावूनच काढला पाहिजे. काही कारागीर थोडा गॅस सोडून हवा ‘हुसकावून’ लावतात. तसे केल्याने ओलावा आत राहतो, कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते, आणि आर-३२ सारखा आजचा प्रचलित गॅस सौम्य ज्वलनशील असल्याने ते सुरक्षितही नाही. पंप सोबत आणला आहे का, हे कारागीर दारात असतानाच विचारावे. पुढे कधी ‘गॅस कमी झाला आहे, भरून देतो’ असे कोणी म्हणाले, तर आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगावे. हा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी निसटलेलाच आहे.

गरम हवा वर राहते, म्हणून हिवाळ्यात एसीच्या झडपा पूर्ण खाली वळवाव्यात आणि तापमान २० ते २१ अंशांवर ठेवावे. उन्हाळ्यासाठी २४ अंश योग्य आहे. तारांकित एसी सुरू होताना मुळातच २४ अंशांवर असावेत, असा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. आणखी एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. हीट पंप असो वा नसो, ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपेतल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

प्रश्न (नागपूर) : हॉट अँड कोल्ड एसी मे महिन्यात कमी थंडावा देतो असे ऐकले आहे. हे खरे आहे काय? आमच्याकडे हिवाळाही बऱ्यापैकी असतो, तेव्हा आम्ही कोणता एसी घ्यावा?

उत्तर : दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हमुळे कार्यक्षमतेत किंचित घट येते हे खरे, परंतु ती इतकी अल्प असते की हाताला जाणवणार नाही. नागपुरात एसी कमी पडतो त्याचे कारण निराळे आहे. एसीची छापील क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात कोणत्याही यंत्राची क्षमता छापील आकड्यापेक्षा खाली येते आणि वीजवापर वाढतो. म्हणून बाहेरचे तापमान किती अंशांपर्यंत असताना यंत्र चालेल, आणि ४६ अंशांना त्याची क्षमता किती उरते, हे दोन आकडे विक्रेत्याकडून लेखी मागावेत. बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात कोंबलेले नसावे. त्याने टाकलेली गरम हवा त्याच्याकडेच परत येऊ लागली, की महागडे यंत्रही निष्प्रभ ठरते.

तुमच्याकडची कडाक्याची थंडी थोड्या आठवड्यांची असते. नाशिकच्या वाचकांप्रमाणे रात्रभर हीटर लावण्याची गरज तुमच्या घरी नसेल, तर साधा पण चांगल्या आयएसईईआरचा इन्व्हर्टर एसी घ्यावा. विदर्भातील घरांना आणखी एक सोय आहे आणि ती एसी आल्यावर मोडीत काढू नये. एप्रिल-मेची कोरडी हवा ही वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांच्या कूलरला अतिशय मानवते, आणि त्याला एसीच्या मानाने फारच थोडी वीज लागते. दिवसा बैठकीच्या खोलीत कूलर आणि रात्री झोपण्याच्या खोलीत एसी, ही वाटणी बिलाच्या दृष्टीने सर्वांत उत्तम. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी मात्र चालवू नयेत, कारण कूलरने हवेत सोडलेले बाष्प काढण्यातच एसीची शक्ती खर्च होते. जूनमध्ये पाऊस लागला, हवा दमट झाली, की कूलरचा उपयोग संपतो.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका) : आमच्या घरातील सेंट्रल एसी सतरा वर्षांचा असून त्याचा कॉम्प्रेसर गेला आहे. त्यात जुना आर-२२ गॅस आहे. नैसर्गिक वायूवरची फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, अवघी सहा वर्षांची, ९५ टक्के कार्यक्षमतेची आहे आणि उत्तम चालते. एक कंत्राटदार म्हणतो की नुसता एसी बदला. दुसरा म्हणतो की फर्नेसही काढा आणि पूर्ण हीट पंपावर जा. मित्रमंडळींत दोन्ही मतांचे लोक आहेत. आम्हाला वीज साधारण २२ सेंट प्रति युनिट आणि गॅस १.४० डॉलर प्रति थर्म या दराने पडतो. आपले मत काय?

उत्तर : तुम्ही दर कळवलेत हे फार चांगले केले, कारण त्यांच्याशिवाय या प्रश्नाला दिलेले कोणतेही उत्तर म्हणजे नुसता अंदाज असतो. आर-२२ च्या जुन्या यंत्राची दुरुस्ती करू नये, हे प्रथम सांगतो. अमेरिकेत या गॅसचे उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, त्यामुळे उरलासुरला साठा महाग मिळतो आणि इतक्या जुन्या यंत्रात तो घालणे व्यवहार्य नाही. यंत्र बदलायचेच आहे. प्रश्न फक्त कशाने, एवढाच उरतो.

थर्म हे उष्णतेवरून इंधनाचा गॅस मोजण्याचे एकक असून एक थर्म गॅसमध्ये २९.३ युनिट विजेइतकी उष्णता असते. तुमची फर्नेस त्यातील ९५ टक्के, म्हणजे २७.८ युनिट घरात पोहोचवते आणि त्याचे तुम्ही १.४० डॉलर देता. तेवढीच उष्णता विजेच्या हीटरने द्यायची तर २२ सेंट दराने ६.१२ डॉलर लागतील. या दोन आकड्यांचे गुणोत्तर सुमारे ४.४ येते. याचा अर्थ असा, की हीट पंपाने एका युनिट विजेतून किमान ४.४ युनिट उष्णता दिली तरच तो गॅसची बरोबरी करील. बाहेर आठ-दहा अंश सेल्सिअस असताना उत्तम प्रतीचे यंत्र चारच्या आसपास पोहोचते. उणे आठ-दहा अंशांना, म्हणजे तुमच्याकडील जानेवारीच्या बोचऱ्या रात्री, ते दोन ते अडीचवर येते. तेव्हा आजच्या दरांनी तुमच्या घरात गॅस स्वस्त पडतो, आणि बचतीचे आश्वासन देऊन चालती फर्नेस काढायला सांगणाऱ्या कंत्राटदाराचे म्हणणे या गणितावर टिकत नाही. न्यू जर्सीत जून २०२५ पासून विजेचे दर सुमारे १७ ते २० टक्क्यांनी वाढले, हेही त्यामागील एक कारण आहे.

असे असले तरी नुसता एसी घ्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. फर्नेस तशीच ठेवून एसीच्या जागी हीट पंप बसवण्याची तिसरी वाट आहे आणि तुमच्या घरासाठी मला तीच सर्वांत योग्य वाटते. हीट पंप उन्हाळ्यात एसीचे काम तितक्याच चांगल्या रीतीने करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलच्या सौम्य थंडीत तो उष्णता देतो, आणि ठरवून दिलेल्या तापमानाखाली पारा उतरला की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान नियंत्रित करणारे उपकरण, आपोआप फर्नेसकडे वळतो. या जोडणीला तिकडे ‘ड्युअल फ्युएल’ म्हणतात. सौम्य हवेत दोन्ही इंधनांचा खर्च जवळपास सारखा असल्याने तुमचे नुकसान होत नाही, फर्नेस कधी मध्येच बंद पडली तर घरात ऊब देणारे दुसरे साधन तयार असते, आणि पुढे गॅस महागला किंवा तुम्ही छतावर सौरपॅनेल बसवले तर थर्मोस्टॅटमधील एक आकडा बदलून अधिक काळ हीट पंपावर राहता येते. नव्या यंत्राचे आयुष्य पंधरा वर्षांचे धरले, तर आज नुसता एसी घेणे म्हणजे ही मुभा पंधरा वर्षांसाठी सोडून देणे होय. दोन कोटेशनांतील फरक एक-दीड हजार डॉलरच्या आत असेल तर हीट पंप घ्यावा. त्याहून फार अधिक असेल तर तिसरे कोटेशन मागवावे.

हवामानाच्या दृष्टीने विचार करायचा तर उत्तर पैशांच्या हिशोबाहून वेगळे येते. वीज पूर्णपणे नैसर्गिक वायूवर तयार होते असे जरी धरले, तरी ५० टक्के कार्यक्षमतेच्या केंद्रातून निघालेली एक युनिट वीज हीट पंपाने तिप्पट केली, तर मूळ वायूतील प्रत्येक युनिटामागे घराला दीड युनिट उष्णता मिळते. वहनातील गळती वजा केली तरी ती तुमच्या फर्नेसच्या ०.९५ युनिटापेक्षा कितीतरी अधिक आहे. ज्यांना आपल्या घरातून होणारे उत्सर्जन कमी करायचे आहे आणि त्यासाठी हिवाळ्यात काही डॉलर अधिक मोजण्याची तयारी आहे, त्यांनी फर्नेसकडे वळण्याचे तापमान खाली ठेवावे. हा निर्णय घरातील सर्वांनी मिळून घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

एक बाब खेदाने नोंदवावी लागते. हीट पंपासाठी मिळणारी ३० टक्के, कमाल २,००० डॉलरची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना मिळत नाही. कोणी जुन्या माहितीपत्रकावरून ती रक्कम वजा करून दाखवत असेल, तर ती मान्य करू नये. राज्याच्या आणि तुमच्या वीज कंपनीच्या योजना मात्र स्वतंत्र असतात; काम देण्यापूर्वी त्या तपासाव्यात, कारण काहींना पूर्वमंजुरी लागते.

कंत्राटदाराकडून खोलीवार उष्णताभाराचे गणित, ज्याला तेथे ‘मॅन्युअल जे’ म्हणतात, ते लेखी घ्यावे. जुने यंत्र तीन टनांचे होते म्हणून नवेही तीन टनांचे, हा युक्तिवाद पुरेसा नाही. मधल्या काळात खिडक्या बदलल्या असतील, पोटमाळ्यावर इन्सुलेशन घातले असेल, तर गरज घटलेली असते. कार्यक्षमतेसाठी २०२३ पासून ‘एसईईआर-२’ आणि ‘एचएसपीएफ-२’ हे आकडे वापरले जातात. पहिला थंडाव्याचा आणि दुसरा उबेचा आहे, आणि हीट पंप घेताना दुसराही पाहिलाच पाहिजे. २०२५ पासून नव्या यंत्रांत आर-४१०ए ऐवजी आर-४५४बी किंवा आर-३२ हे गॅस येऊ लागले आहेत. गोदामातील जुन्या गॅसचे यंत्र स्वस्तात मिळत असले, तरी पुढील दुरुस्तीचा विचार करून ते टाळावे. बाहेरचे युनिट बर्फाच्या थरापेक्षा उंच राहील अशा स्टँडवर बसवून घ्यावे.

पहिल्या हिवाळ्यात दोन गोष्टींनी घरातील मंडळी धास्तावतात, म्हणून त्या आधीच सांगतो. फर्नेसची हवा हाताला चांगली गरम लागते, तर हीट पंपाची हवा अंगाच्या तापमानाच्या आसपास असल्याने झरोक्याजवळ हात धरला तर ती कोमट भासते. ती अधिक वेळ वाहत राहते आणि घर तितकेच उबदार होते. दुसरे असे, की थंड दमट हवेत बाहेरच्या कॉइलवर हिम धरते आणि ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलट्या दिशेने चालते. त्या वेळी बाहेरच्या युनिटमधून वाफेचे लोट निघतात आणि पंखा थांबलेला दिसतो. पहाटेच्या अंधारात ते पाहून आग लागली असे वाटू शकते. प्रत्यक्षात ते वितळलेल्या हिमाचे बाष्प असते आणि यंत्र ठीक चाललेले असते.

ज्या वाचकांच्या घरी गॅसची जोडणी नाही आणि भिंतीच्या तळाशी बसवलेल्या विजेच्या बेसबोर्ड हीटरवर घर तापते, त्यांना वरील गुणोत्तर लावण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी हीट पंप हाच उघड पर्याय आहे, कारण त्यांचा उष्णतेवरील वीजखर्च निम्म्याहून कमी होऊ शकतो.

प्रश्न (दापोली) : आमचा चार खोल्यांचा होम-स्टे आहे. खोल्यांत साधे एसी आहेत. पाहुण्यांना रोज सुमारे ३०० लीटर गरम पाणी लागते आणि प्रत्येक न्हाणीघरात गीझर लावल्याने वीजबिल फार येते. छप्पर कौलारू असल्याने सौरबंब बसवणे अवघड आहे. पाण्यासाठी हीट पंप असतो असे कळले, तो घ्यावा काय?

उत्तर : कोकणात हीट पंपाचे खरे क्षेत्र कोणते असेल, तर ते हेच. खोली तापवण्याची गरज तुमच्याकडे नाही, त्यामुळे साधे एसी आहेत ते योग्यच आहेत. पण गरम पाणी बारा महिने लागते, आणि समुद्रकाठची उबदार, दमट हवा ही हीट पंपाला लाभणारी सर्वांत अनुकूल हवा होय. ३०० लीटर पाणी २७ अंशांवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे आठ युनिट उष्णता लागते. गीझर तेवढी वीज घेतोच, शिवाय चार टाक्यांतून रात्रंदिवस उष्णता झिरपते ती वेगळी. हीट पंप हेच काम अडीच-तीन युनिटांत करील. पावसाळ्यात ऊन नसताना सौरबंबाला विजेच्या कॉइलचा आधार घ्यावा लागतो, ती अडचणही येथे नाही.

तथापि हे यंत्र घाईचे नाही. पाणी तापायला त्याला काही तास लागतात, म्हणून दिवसाच्या गरजेएवढी, चांगले उष्णतारोधन असलेली मोठी टाकी हवी आणि ती पाहुणे उठण्यापूर्वी तापून तयार असली पाहिजे. मोठ्या टाकीचा एक लाभ वादळी पावसात कळतो : वीज गेली तरी सकाळचे पाणी गरम मिळते. टाकीतील पाणी अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापवावे, म्हणजे कोमट साठलेल्या पाण्यात जंतूंची वाढ होत नाही. टाकीपासून न्हाणीघरांपर्यंतच्या नळ्यांवर इन्सुलेशनचे वेष्टण घालायला विसरू नये, नाहीतर वाचवलेली वीज नळ्यांतच निवेल.

यंत्र बंद खोलीत किंवा माळ्यावर ठेवू नये. ते सभोवतालची हवा थंड करत असते आणि त्याला सतत नवी हवा लागते. मागील दारी, पडवीच्या मोकळ्या बाजूला, पागोळ्यांचे पाणी थेट पडणार नाही अशा ठिकाणी ते ठेवावे. खाऱ्या वाऱ्याने कॉइलचे पत्रे लवकर खराब होतात, म्हणून गंजरोधक लेप असलेली कॉइल मागावी आणि दर महिन्याला ती गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी. यंत्राची किंमत साध्या गीझरच्या कितीतरी पट असते. तेव्हा आधी महिनाभर चारही गीझरांचा वीजवापर वेगळ्या मीटरवर मोजावा. त्यातील साधारण दोन तृतीयांश युनिटे वाचतील असे धरून, तुमच्या बिलावरील दराने किती महिन्यांत पैसे वसूल होतात ते काढावे. होम-स्टे वर्षातील बहुतेक दिवस भरलेला असेल, तर हा आकडा तुमच्या बाजूने येईल. केवळ मे महिना आणि दिवाळीच्या सुट्टीतच पाहुणे येत असतील, तर आहेत ते गीझर ठेवून प्रत्येकाला टायमर बसवणे अधिक शहाणपणाचे ठरेल.